दफनभूमीतला लोखंडी क्रूस खरंच तेराव्या शतकातला आहे का?

प्रश्न : आम्ही दोघं नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये क्लेर्मां-फेराँला राहतो. सुट्टीत ऑव्हेर्न्यच्या डोंगराळ भागात पायी भटकतो. अशाच एका छोट्या खेड्याच्या दफनभूमीत, मधोमध काळ्या दगडाच्या चौथऱ्यावर, घडीव लोखंडाचा क्रूस उभा आहे. उंची साधारण पावणेदोन मीटर. फाटकाजवळच्या पाटीवर लिहिलंय, ‘तेराव्या शतकातील क्रूस’. चौथऱ्यावर मात्र १८२७ हा आकडा कोरलाय. गावातले एक आजोबा पाटीच्या बाजूने आहेत, तर टपाल वाटणाऱ्या बाई म्हणाल्या की हे सगळं पर्यटकांसाठी. चाळीस फोटो आणि मापं सोबत पाठवतोय. खरं काय? आणि लोखंड उघड्या पावसात सातशे वर्षं टिकतं तरी का?

उत्तर : तुमचे चाळीसही फोटो मी दोन रात्री बसून पाहिले. तुम्ही प्रत्येक फोटोत मोजपट्टी धरली आहे, त्याबद्दल आधी मनापासून आभार. लोखंडाच्या जुन्या वस्तूंचं जतन हेच माझं बावीस वर्षांचं काम, आणि मोजपट्टीशिवाय आलेले फोटो पाहून हताश व्हायची मला सवय झाली आहे.

थेट उत्तर असं : हा क्रूस ‘क्रूस’ म्हणून १८२७च्या आसपासच उभा राहिला असावा. पण तो ज्या लोखंडातून जोडला गेला, त्यातले काही तुकडे त्याहून पुष्कळ जुने आहेत, आणि त्यातले दोन मध्ययुगीन असू शकतात असं मला वाटतं. म्हणजे आजोबा आणि टपालवाल्या बाई, दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे.

आधी दफनभूमीबद्दल. मध्ययुगात खेड्यातल्या सामान्य माणसाच्या थडग्यावर कायमची खूण नसायची. चर्चच्या भोवती पुरायचं, काही वर्षांनी हाडं काढून अस्थिगृहात रचायची, आणि त्याच जागेत पुढचा माणूस. सगळ्यांसाठी मिळून एक मोठा क्रूस असे, तोही बहुधा दगडाचा, नाहीतर लाकडाचा. लोखंड महाग होतं. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, दाराची बिजागरी यांना ते आधी लागे. फ्रान्समध्ये दफनभूमी वस्तीपासून दूर नेण्याचा आणि प्रत्येकाला स्वतंत्र खड्डा देण्याचा नियम झाला तो १२ जून १८०४च्या फर्मानाने. तुमच्या फोटोत चर्च दफनभूमीपासून चांगलं तीनशे पावलांवर दिसतं. म्हणजे ही जागाच बहुधा त्या फर्मानानंतरची. तेराव्या शतकातला क्रूस तिथे असेल, तर तो दुसरीकडून आणलेला असला पाहिजे.

आता १८२७. हा आकडा पाहिल्याबरोबर माझ्या मनात एकच गोष्ट आली. क्रांतीच्या काळात, १७९३-९४मध्ये, फ्रान्समध्ये ठिकठिकाणी क्रूस पाडले गेले, चर्चच्या घंटा वितळवल्या गेल्या. १८०१ला पोप आणि नेपोलियन यांच्यात करार झाला आणि चर्चचे व्यवहार पुन्हा उघड सुरू झाले. मग राजेशाही परतल्यावर, म्हणजे १८१५ ते १८३० या काळात, धर्मप्रचारकांच्या तुकड्या गावोगाव फिरल्या. प्रवचनांचे काही आठवडे संपले की आठवण म्हणून गावात एक क्रूस उभारायचा, चौथऱ्यावर साल कोरायचं. असे ‘मिशन’चे क्रूस फ्रान्समध्ये जागोजाग भेटतात. तुमच्या चौथऱ्यावरचा आकडा त्याच काळात बरोबर बसतो, आणि तो काळा दगडही त्या भागातला ज्वालामुखीचा, व्होल्विकच्या जातीचा वाटतो.

मग जुनं काय आहे? सतरा नंबरचा फोटो काढून समोर ठेवा. उभ्या गजाच्या आणि आडव्या हातांच्या चार कोपऱ्यांत चार वेटोळी आहेत, चंद्रकोरीसारखी, दोन्ही टोकं आत गुंडाळलेली. खालची दोन एकसारखी आहेत. वरची दोन त्यांची नक्कल आहेत, पण ती करणारा हात दुसऱ्याचा होता. खालच्या वेटोळ्यांची पट्टी मध्ये १४ मिलिमीटर रुंद आहे आणि टोकाकडे हळूहळू बारीक होत जाते. हातोड्याने ओढून बारीक केलेली, त्यामुळे जाडीही कुठे ८, कुठे १०. वरच्या दोघांची पट्टी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच १४. अशी एकसारखी पट्टी लाटणयंत्राच्या रुळांतून निघते. हेन्री कॉर्टने खाचांचे रूळ वापरण्याचं पेटंट घेतलं १७८३ला. त्यानंतर असं लोखंड लोहाराच्या हाती सर्रास पडू लागलं.

खालच्या वेटोळ्यांमध्ये याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती पाहून मी खुर्चीतून उठले. दोन्हींच्या पाठीवर, बरोबर मधोमध, बोटभर रुंदीची जागा चपटी झाली आहे आणि तिच्या दोन्ही कडांना बारीक रेघ आहे. ही कड्याची खूण. जुन्या जाळ्यांत वेटोळी एकमेकांना रिबिटांनी जोडत नसत. लोखंडाच्या पट्टीचा तुकडा लाल करून दोघांभोवती गुंडाळायचा आणि ठोकायचा. थंड होताना पट्टी आक्रसते आणि पकड घट्ट बसते. तुमच्या क्रूसात त्या जागी कडं नाही, आणि कड्याने पकडावं असं काही शेजारीही नाही. म्हणजे ही वेटोळी आधी कुठल्या तरी जाळीत होती, शेजारच्या वेटोळ्याला पाठीला पाठ लावून. कुणीतरी ती जाळी मोडली, आणि या क्रूसासाठी त्यातली दोन निवडून घेतली.

अशा जाळ्यांची त्या मुलखाला मोठी परंपरा आहे. तुम्ही ल प्वीला गेलात तर कॅथेड्रलच्या मठाच्या ओवऱ्यांमध्ये बाराव्या शतकातली लोखंडी जाळी पाहा : चंद्रकोरीसारखी वेटोळी, कड्यांनी बांधलेली, एकामागून एक. तिथून नैर्ऋत्येला काँकच्या मठात गाभाऱ्याभोवती तशाच जाळ्या आहेत. सुटलेल्या कैद्यांनी संत फोआच्या चरणी वाहिलेल्या बेड्या वितळवून, म्हणजे खरं तर तापवून ठोकून, त्या बनवल्या अशी तिथली श्रद्धा आहे. आणि तुमच्या घरापासून जवळ ऑर्सिव्हालच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर कैद्यांच्या बेड्या आजही टांगलेल्या आहेत. तिथे उभं राहिलं की या सगळ्या डोंगराळ भागात लोखंड किती जपून आणि पुन्हा पुन्हा वापरलं जात होतं, हे सांगावं लागत नाही.

पण नुसता आकार हा पुरावा धरू नका. एकोणिसाव्या शतकात मध्ययुगीन घाटाची मोठी हौस आली, तेव्हा असली वेटोळी भरपूर घडवली गेली. मी आकारापेक्षा सांध्यांवर विश्वास ठेवते. आकाराची नक्कल करता येते; पण प्रत्येक लोहार सांधा आपल्या काळाच्या हत्यारांनी, आपल्या सवयीने करतो.

भट्टीचा सांधा तुम्ही कधी होताना पाहिला नसेल म्हणून सांगते. दोन्ही टोकं आधी तिरपी करून पाचरीसारखी चपटी करायची. मग कोळशात इतकी तापवायची की लाल, नारिंगी, पिवळा हे सगळे रंग मागे पडून लोखंड पांढुरकं होतं, ओलसर दिसतं, आणि त्यातून बारीक चांदण्या उडू लागतात. त्याआधी वर वाळू टाकलेली असते; ती वितळून वरच्या मळीला, म्हणजे लोखंडावरच्या अशुद्ध थराला, पातळ करते. मग भट्टीतून काढून ऐरणीवर एकावर एक ठेवायचं आणि ठोकायचं. हाती असतात तीन-चार सेकंद. पहिला घाव पडला की मळी पिचकारीसारखी बाजूंनी उडते आणि लोखंड लोखंडाला धरतं. असा सांधा नंतर ओळखू येतो तो दोन गोष्टींनी : जोडाच्या जागी गज किंचित फुगलेला असतो, आणि तिरपी रेघ कुठे तरी एका कडेला उघडी राहिलेली असते. तुमच्या तेवीस नंबरच्या फोटोत उभ्या गजावर, जमिनीपासून ६४ सेंटिमीटरवर, नेमकं हेच दिसतं. गजाची बाजू ३१पासून ३६ मिलिमीटरपर्यंत बदलते. तो गजही हातानेच घडवलेला आहे, आणि दोन तुकड्यांचा आहे.

याच क्रूसावर माथ्याजवळ षटकोनी नटबोल्ट आहे आणि डाव्या हाताखाली वेल्डिंगचा जाड मणका. ते विसाव्या शतकातले. ते पाहून वाईट वाटून घेऊ नका. कुणाला तरी हा हात पडू नये असं वाटलं, म्हणून ते तिथे आहेत.

खातरजमा करण्याचा सर्वांत सोपा मार्ग प्रयोगशाळेत नाही, तीनशे पावलांवर आहे. चर्चमध्ये जा आणि खिडक्यांचे गज, पेटीची पट्टी, एखाद्या कोनाड्याचं दार, जुन्या दाराच्या बिजागऱ्या पाहा. १४ मिलिमीटरच्या आसपासची, टोकाला बारीक होणारी पट्टी कुठे सापडली, किंवा भिंतीच्या दगडात शिसं भरलेली रिकामी भोकं सापडली, तर जाळी तिथलीच होती असं मानायला चांगला आधार मिळेल.

प्रयोगशाळेचंही सांगते, कारण तुम्ही पुढे विचाराल. जुनं लोखंड लाकडी कोळशावर गाळलेलं असल्याने त्यात शिरलेला कार्बन झाडाचा असतो, आणि त्याचं कालमापन करता येतं. पॅरिसच्या नोत्र-दामला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली, आणि त्यानंतर भिंतींतल्या लोखंडी आकड्यांचा अभ्यास झाला. २०२३मध्ये तो प्रसिद्ध झाला. दगड दगडाला बांधणारे हे आकडे ११६०च्या दशकापासूनच वापरले गेले होते, आणि त्यातले काही वेगवेगळ्या ठिकाणच्या लोखंडाचे तुकडे एकत्र ठोकून बनवले होते, असं त्यातून कळलं. ही दुसरी गोष्ट तुमच्या क्रूसाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मोडीचं लोखंड मिसळलं की तारखाही मिसळतात. शिवाय घडीव लोखंडात कार्बन फारच थोडा असतो, त्यामुळे नमुना नेमका कुठून काढायचा हे जाणकारानेच ठरवावं लागतं. त्यासाठी वेटोळ्याचा कपटा तोडावा असं मी आज तरी कुणाला सांगणार नाही.

टिकण्याबद्दल. घडीव लोखंड आणि आजचं पोलाद यांत मोठा फरक आहे. जुन्या भट्टीत लोखंड वितळत नसे. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात आणि तेवढी आच त्या भट्टीत नव्हती. मळी वितळून वाहून जायची आणि स्पंजासारखा गोळा उरायचा. तो ठोकून ठोकून मळी काढायची, तरी दोन-तीन टक्के आत राहायचीच, आणि ठोकण्याने तिचे लांब धागे व्हायचे. म्हणून असं लोखंड गंजलं की कुजक्या लाकडासारखं उभं सोलतं. तुमच्या एकतीस नंबरच्या फोटोत गजाच्या बुंध्याशी हे तंतू बोटाने मोजता येतील इतके स्वच्छ आहेत. ही मळी गंजाची वाट थोडी अडवते. त्यातच लोखंडात फॉस्फरस असेल तर आणखी फायदा. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उभा आहे तो मुख्यतः त्यातल्या पाव टक्का फॉस्फरसमुळे. त्याने पृष्ठभागावर फॉस्फेटचा घट्ट थर धरला. पण तुमच्या क्रूसाला वाचवलं असेल ते मुख्यतः रंगाने. दर पिढीत कुणीतरी त्याला रंग दिला आहे. बावीस नंबरच्या फोटोत जिथे पापुद्रा उडालाय तिथे मी सहा थर मोजले : काळा, राखाडी, पुन्हा काळा, हिरवट, पांढरा, आणि सगळ्यांत खाली नारिंगी-लाल. तो लाल म्हणजे शेंदूर.

प्रश्न : टिरोलमध्ये फिरताना एका खेड्याच्या दफनभूमीत थडग्या-थडग्यावर सोनेरी फुलापानांचे लोखंडी क्रूस दिसले. तेही मध्ययुगीनच म्हणायचे ना? (दुसऱ्या एका वाचकांचं पत्र)

उत्तर : नाही. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियातली ही कला बहरली ती सतराव्या-अठराव्या शतकात, आणि ती तिथे आजही जिवंत आहे. ओळखायची खूण सांगते. वेलींचे गोल गज एकमेकांना भोक पाडून आरपार ओवलेले असतील, टोकाला तारेच्या घट्ट गुंडाळीचं फूल असेल, तर ती सोळाव्या शतकापासूनची जर्मन पद्धत. पत्र्याची मोठी, कुरळी पानं असतील तर त्याहूनही अलीकडची, बरोक काळातली. टिरोलमध्ये क्राम्साखला अशा जुन्या क्रूसांचा संग्रहच आहे, तो पुन्हा गेलात तर चुकवू नका. ओतीव क्रूस मात्र वेगळे. पानाच्या कडेवरून नख फिरवा : साच्याची शिवण लागली तर बीड. ते बहुतेक एकोणिसाव्या शतकातले, कारखान्याच्या यादीतून मागवलेले.

प्रश्न : (पहिल्याच पत्रातून) गावच्या मंडळाने ठरवलंय की उन्हाळ्यात सँडब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूचा झोत मारून, क्रूस चकचकीत करायचा आणि काळा रंग द्यायचा. आम्हालाही श्रमदानाला बोलावलंय. जावं का?

उत्तर : जा, पण त्याआधी ते सँडब्लास्टिंग थांबवा. ही माझी कळकळीची विनंती आहे.

मी शिकाऊ असताना एका जुन्या दाराची बिजागरी साफ करायला माझ्या हाती दिली होती. गंज फार होता आणि वेळ कमी. मी फिरता तारेचा ब्रश लावला. वीस मिनिटांत लोखंड चांदीसारखं चमकायला लागलं आणि मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी जुने फोटो पाहताना लक्षात आलं, बिजागरीच्या मागच्या बाजूला छिन्नीने मारलेल्या तीन तिरप्या रेघा होत्या. लोहाराने जोडी जुळवण्यासाठी केलेली खूण. ती आता फक्त त्या फोटोत आहे. तुमच्या वेटोळ्यांच्या पाठीवरची कड्याची खूण यापेक्षाही उथळ आहे. वाळूचा झोत तिला मिनिटभरही टिकू देणार नाही, आणि तिच्यासोबत रंगाचे सहा थरही जातील.

शिवाय तो खालचा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. झोताने त्याची धूळ होईल, ती नाकातोंडात जाईल आणि दफनभूमीच्या मातीत कायमची बसेल. घरचं श्रमदान म्हणून हे काम करूच नये.

करायचं ते असं. सुटा गंज आणि सुटलेला पापुद्रा तेवढा काढायचा, लाकडी पट्टीने आणि नायलॉनच्या ब्रशने, पाणी शिंपडत, मास्क आणि हातमोजे घालून. निघालेला चुरा प्लॅस्टिकवर झेलायचा. घट्ट बसलेला रंग राहू द्यायचा. मग कोरड्या, उबदार दिवशी पूर्ण वाळू द्यायचं, उघड्या पडलेल्या लोखंडावर टॅनिक आम्लाचा पातळ हात, आणि त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेण किंवा रंगाचा तेवढ्यापुरता ठिपका. दर वर्षी तासभर लक्ष दिलं तर पुरतं.

खरा धोका मला वर दिसत नाही, तो बुंध्याशी आहे. गज दगडात रोवून भोवती शिसं ओतलेलं आहे, आणि ते शिसं दोन ठिकाणी आक्रसून फट पडली आहे. तिथे पाणी साचतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, कधी कधी सहापटीपर्यंत, आणि दगड आतून फोडतो. चौथऱ्याच्या ईशान्य कोपऱ्यापासून निघालेली केसाएवढी भेग त्याचीच आहे. मंडळाकडे पैसे असतील तर ते रंगावर न घालवता या सांध्यावर घाला. पण हे काम दगड आणि धातू दोन्ही जाणणाऱ्याचं. सिमेंट भरून बुजवायला कुणी आलं तर त्याला हात लावू देऊ नका. सिमेंट पाणी आतच कोंडतं.

आणि हे सगळं महापौरांना सांगूनच करा. सामाईक क्रूस गावाच्या मालकीचा असतो. तो ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षित यादीत आहे का, हे सरकारच्या ‘मेरिमे’ (वास्तूंची) आणि ‘पालिसी’ (वस्तूंची) या सूच्यांत घरबसल्या पाहता येतं. असेल तर प्रादेशिक सांस्कृतिक कार्यालयाला विचारल्याशिवाय ब्रशसुद्धा लावू नका. नसेल तरी त्यांना पत्र टाका, सल्ला मागा. जाता जाता भोवतीच्या कुटुंबांच्या थडग्यांवरचे छोटे लोखंडी क्रूसही मोजून ठेवा. तीस वर्षांहून जुनं, दहा वर्षांत कुणाला न पुरलेलं आणि पडीक दिसणारं थडगं रीतसर प्रक्रिया करून गाव परत ताब्यात घेऊ शकतं, आणि तेव्हा असे क्रूस भंगारात जातात.

श्रमदानाच्या आधीचा एक रविवार मात्र माझ्यासाठी द्या. सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असताना, आणि खालच्या दोन वेटोळ्यांच्या पाठीचे फोटो काढा, कॅमेरा पट्टीच्या जवळजवळ समांतर धरून. कड्याच्या रेघेच्या आतल्या बाजूला छिन्नीची एखादी खूण आहे का, तेवढं मला पाहायचं आहे.